मारवाडचं जावळ

आमच्या घरातला एकही नळ बाबूजींनी कधी पूर्ण उघडला नाही. करंगळीएवढी धार, तीही खाली भांडं ठेवून. ऑकलंडला बारा महिने पावसाची पिरपिर, आमच्या हिल्सबरोच्या घराच्या पन्हळी सतत वाहत असायच्या, आणि आत माझे सासरे बाथटबमध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवून अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे. कुणी पाणी मागितलं तर पेल्याच्या तळाशी चार घोट ओतून पुढे करायचे आणि म्हणायचे, "लागलं तर परत घे." एकदा गिरीशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातला एक जण आमच्या बागेत कुंपण ठोकायला मदत करून घामाघूम होऊन आत आला. त्यालाही बाबूजींनी तसाच पेला दिला. तो बिचारा पेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इज देअर अ शॉर्टेज?"

"नॉट हिअर," बाबूजी म्हणाले. "इन अवर प्लेस."

ही 'अवर प्लेस' म्हणजे मारवाड. आणि मारवाड त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं.

बाबूजींचा जन्म संगमनेरचा. त्यांच्या वडिलांचाही. पणजोबा कधीतरी मारवाडातून दक्षिणेकडे आले आणि राहिले ते राहिलेच. पुढच्या सगळ्यांनी दुकानं टाकली. बाबूजींनी मात्र शाळा धरली. संगमनेरच्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवायचे. मारवाड्याच्या घरात मास्तर निपजला म्हणून नातेवाइकांत त्यांची चेष्टा व्हायची आणि ते ती आनंदाने ऐकून घ्यायचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पोरांना वाळवंट शिकवलं, स्वतः न बघता. वाळूच्या टेकड्या वाऱ्याने कशा सरकतात, खेजडीची मुळं किती खोल जातात, उंटाच्या पापण्या दुहेरी का असतात, सगळं तोंडपाठ. बोलताना मात्र 'मारवाडात' असं कधी म्हणायचे नाहीत. 'आपल्याकडे' म्हणायचे. आपल्याकडे पहाटे गारठा असतो. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग नाव. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी हे पहिल्यांदा रोजच्या रोज ऐकलं. पहिले काही दिवस मी कौतुकाने ऐकत होते. मी पुण्याची, हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून घरी येणारी बाई. नंतर कौतुक संपलं, आणि दमलेल्या कानांनी जेवढं ऐकू येईल तेवढंच ऐकू लागले.

आमच्या डेकवर ते मंगोड्या घालायचे. मूगडाळ वाटून, पांढऱ्या चादरीवर बोटांनी नेमकी एकाच मापाची टिंबं टाकत जायचे. इथलं ऊन तुम्हाला माहीत असेल तर त्यातली गंमत कळेल. दहा मिनिटं चटका आणि अकराव्या मिनिटाला सर. बाबूजी छत्री घेऊन चादरीशेजारी खुर्ची टाकून बसायचे, सर आली की छत्री मंगोड्यांवर धरायची आणि स्वतः भिजायचं. शेजारची जोन कुंपणावरून विचारायची, "यू ओके, मिस्टर झंवर?" हे तिला म्हणायचे, "व्हेरी गुड ड्राइंग डे." त्या मंगोड्या कधी नीट वाळल्या नाहीत. बुरशी यायची, मी त्या गुपचूप टाकून द्यायचे, ते पुन्हा डाळ भिजवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबूजी, दुकानात तयार मिळतात हो."

"मिळतात," ते म्हणाले. "पण ऊन काय करू मग? फुकट चाललंय."

त्यांना राग येत नसे. मला तो रोज यायचा आणि त्यांना आला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. त्यांचा हट्ट आवाज न करता चालायचा. एक गोष्ट ते सोडत नाहीत हे लक्षात यायलाच वेळ लागायचा.

अशीच एक गोष्ट म्हणजे माझ्या मुलाचे केस.

आम्ही ज्याला जावळ म्हणतो त्याला बाबूजींच्या घरात जडूला म्हणतात. बाळाचे पहिले केस कुलदेवीच्या ठाण्यावर जाऊन द्यायचे, तोवर त्यांना कात्री लावायची नाही. देवीचं ठाणं मारवाडात, जोधपूरच्या पुढे. बाबूजींच्या स्वतःच्या जावळाच्या वेळी घरात आजारपण होतं, म्हणून ते संगमनेरलाच, प्रवरेच्या काठी काढलं. देवीला सांगितलं, पुढच्याचं आणू. पुढचा म्हणजे गिरीश. त्या वर्षी बाबूजींना शाळेतून रजा मिळाली नाही. पुन्हा प्रवरा, पुन्हा पुढच्याचं आणू. आता पुढचा म्हणजे आमचा ईशान, ऑकलंडला जन्मलेला, डोक्यावर भरगच्च काळं जावळ घेऊन आलेला. बाबूजी फोनवर म्हणाले होते, "याचं तरी नेऊ. माझ्या डोळ्यांसमोर."

यात अवघड काही नव्हतं. वर्षाचं झालं की जायचं, एवढंच. पण त्या वर्षी आमचे रेसिडेन्सीचे कागद अडकले होते, देश सोडता येत नव्हता. दुसऱ्या वर्षी माझी इथली नोंदणीची परीक्षा आली. तिसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर बाबूजींचंच बायपास झालं. ईशान चार वर्षांचा झाला तेव्हा त्याची वेणी कमरेला टेकत होती.

त्या वेणीने माझा जीव खाल्ला. सकाळची शिफ्ट असली की अंधारात त्याला उठवून विंचरायचं, तो रडायचा, मी ओरडायचे. किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, उवांची साथ आली की आठवडा आठवडा बारीक फणी घेऊन बसायचं. पोहायला नेलं की तिथल्या बायका म्हणायच्या, "शी'ज गॉर्जस," आणि हा आपली टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, वर ओढत जोरात सांगायचा, "आयॅम अ बॉय!" सगळे आम्हाला शीख समजायचे. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "अगं, दिवाळीत या, मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम. त्या पोराचा काय जोगी करताय?"

मी हे गिरीशला ऐकवायचे. गिरीश बाबूजींकडे बघायचा. बाबूजी खिडकीबाहेर बघायचे.

किंडीत एकदा आजी-आजोबांना बोलावलं होतं. बाकीचे आजोबा गाणी म्हणाले, कुणी मासे पकडायचा गळ दाखवला. बाबूजींनी खडू मागितला. खडू नव्हता, मग मार्करने पांढऱ्या फळ्यावर त्यांनी आधी न्यूझीलंड काढलं, मग समुद्र, मग भारत, सगळं न बघता, एका हाताने. भारताच्या डाव्या कुशीत तपकिरी मार्करने टिंबं दिली. मग ईशानला पुढे बोलावून त्याच्या वेणीवर हात ठेवला आणि आपल्या मास्तरी इंग्रजीत सांगितलं, की हे केस ईशानचे नाहीत. ते त्या टिंबांमधल्या एका देवीचे आहेत. ईशान फक्त सांभाळतोय. संध्याकाळी एका मुलाच्या आईचा मला फोन, तिचा मुलगा केस कापू देत नव्हता, म्हणत होता की तोही कुणाचे तरी सांभाळतोय. आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी ईशानला विचारलं, "आजोबा म्हणाले ते कळलं तुला?"

"येस," तो म्हणाला. "आय लुक आफ्टर इट."

इथे पोरं पाचव्या वाढदिवशी शाळेत जातात. ईशानचा वाढदिवस फेब्रुवारीत. त्याआधी जायचं असं अखेर ठरलं ते मी ठरवलं म्हणून, त्यात भक्ती कमी आणि थकवा जास्त होता. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. डॉक्टरांनी बाबूजींना लांबच्या प्रवासाला कुरकुरत परवानगी दिली. त्या संध्याकाळी बाबूजींनी जुना ॲटलस काढला आणि ईशानला मांडीवर घेऊन जोधपूरच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. एवढं खुश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

डिसेंबरात निघालो. सिंगापूर, मुंबई, मग जोधपूर. जोधपूरला पोचेपर्यंत ईशानला ताप येऊन गेला होता, गिरीशचं पोट बिघडलं होतं आणि माझे पाय सुजले होते. बाबूजी तेवढे टवटवीत. सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि घरात बोलतात त्या मारवाडीत त्याच्याशी बोलायला लागले. ती मारवाडी मला समजायची, यातच काय ते आलं. निम्मी संगमनेरची होती. ड्रायव्हर तरुण मुलगा होता, सभ्य. थोडा वेळ त्याने समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "अंकल, आप हिंदी में बोल लीजिए ना. आप लोग महाराष्ट्र से हैं?"

बाबूजी म्हणाले, "हां. उधर से."

संगमनेरात ते शेठ नसूनही जन्मभर मारवाडी होते. शाळेतली पोरं पाठीमागे काय म्हणायची ते त्यांना माहीत होतं. ऑकलंडला ते इंडियन होते. एकाच ठिकाणी आपल्याला काही सांगावं लागणार नाही असं त्यांनी धरलं होतं, आणि तिथे पोचायच्या आधीच, गाडीतच, ते महाराष्ट्राचे निघाले. मला मागच्या सीटवरून त्यांची मान तेवढी दिसत होती.

बाहेर वाळवंट नव्हतंच. जिऱ्याची आणि मोहरीची शेतं होती, मैलोन् मैल, ट्यूबवेलचं पाणी पाटातून वाहत होतं. एका वस्तीवर चहाला थांबलो तर टाकीचा नळ मोकळा सुटलेला, खाली चिखल, त्यात म्हशी. बाबूजींनी जाऊन तो नळ बंद केला. चहावाला लांबूनच ओरडला, "रहने दो बाबूजी, वो ऐसे ही चलता है." त्यांनी हात मागे घेतला.

"व्हेअर इज द डेझर्ट?" ईशानने विचारलं.

गिरीश म्हणाला, "वाळू बघायची तर जैसलमेरला जायला लागेल. टूरिस्ट लोक जातात तिथे."

"वाळूवरून वाळवंट ठरत नाही, गिरीश," बाबूजी म्हणाले. "पावसावरून ठरतं. सातवीला शिकवलं होतं तुला." पण वर्गात सांगावं तसं ठासून म्हणाले नाहीत.

देवीच्या ठाण्यापाशी पोचलो तर बाहेर मोटारी लागलेल्या. मी मनात एक ओसाड चौथरा, एक झाड आणि एक म्हातारा पुजारी धरून आले होते. हे चित्र अर्थातच मला बाबूजींनी दिलेलं. प्रत्यक्षात तिथे फरशी घातलेलं मोठं अंगण होतं, गरम पाण्याची सोय असलेली धर्मशाळा होती, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या होत्या, सुरत, चेन्नई, हैदराबाद, कुठली कुठली. आमच्यासारखीच चार-पाच कुटुंबं आली होती, प्रत्येकाच्या कडेवर एकेक केसाळ बाळ. एकाच्या हातात व्हिडिओ कॅमेरा. शेडखाली न्हावी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकामागून एक डोकी करत होता. पुजाऱ्याने बाबूजींना गोत्र विचारलं, मान हलवली आणि म्हणाला, "बैठिए. सुरतवालों के बाद आपका."

बाबूजी हात जोडून उभे होते. त्यांना अजून काहीतरी सांगायचं होतं, पणजोबांचं नाव, केव्हा निघाले, कसे निघाले. पुजारी पुढच्या माणसाकडे वळला होता. ते आमच्याशेजारी येऊन बसले.

"बरीच सुधारणा केलीय," ते म्हणाले.

सुरतवाल्यांचं बाळ किंचाळलं, आईच्या कुशीत शिरलं, पाच मिनिटांत त्याचं गुळगुळीत डोकं दिसायला लागलं आणि बिस्किट मिळताच ते हसलंही. मग आमचा नंबर. तिथे अशी रीत की बाळाच्या आत्याने ओढणी पसरून केस झेलायचे. गिरीशला बहीण नाही, तेव्हा मीच ओढणी पसरून बसले. गिरीश ईशानला घेऊन आला. ईशान न्हाव्याच्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघत होता.

"नो," तो म्हणाला.

"अरे, दुखत नाही. बघितलंस ना ते बेबी?"

"नो. इट्स माइन."

न्हाव्याला इंग्रजी कळायची गरज नव्हती. तो रोज रडणारी पोरं बघणारा माणूस, हसत म्हणाला, "पकड़ लो भाईसाहब, सब रोते हैं." गिरीशने पकडलं. ईशान रडत नव्हता, हे मला अजून आठवतं. तो लढत होता. चार वर्षांच्या पोराच्या अंगात केवढी ताकद असते. माझ्या नाकाला त्याची लाथ लागली. सुरतवाल्यांच्या दोन माणसांनी येऊन पाय धरले. मी त्याची वेणी हातात धरून, "एक मिनिट, राजा, एकच मिनिट," म्हणत होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघून ओरडला, "ममा, आय सेड नो!"

"सोडा त्याला," बाबूजी म्हणाले.

गिरीशला वाटलं नीट धरा म्हणतायत. त्याने मिठी आणखी घट्ट केली.

"गिरीश. सोड."

"बाबूजी, एवढ्या लांबून आलोय. आता अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"ज्याला कळत नाही त्याचं काढतात," बाबूजी म्हणाले. "याला कळतंय. आपल्याला उशीर झाला."

हे त्यांनी मराठीत सांगितलं, त्यामुळे तिथे फक्त आम्हालाच समजलं. गिरीशचे हात सैल पडले. ईशान सुटला तो थेट गाडीकडे पळाला आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन लपला. अंगणात सगळे आमच्याकडे बघत होते. न्हाव्याने वस्तरा पुसला आणि पुढच्या कुटुंबाला खूण केली. माझ्या मनात खरं तर सुटल्याची भावना आली, आणि मग मी बाबूजींकडे बघितलं. तिसरी खेप हुकली होती, आणि या खेपेला तर अडवणारं दुसरं काहीच नव्हतं.

बाबूजी सावकाश पुढे गेले. डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली. न्हाव्याच्या पुढ्यातल्या पाटावर, जिथे बाळं बसवायची तिथे, गुडघे धरत धरत खाली बसले.

न्हाव्याचं हसू गेलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं करायचं म्हणजे एकच कारण. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कुण गयो, बाबूजी?" कोण गेलं.

"कोई नहीं गया," बाबूजी म्हणाले. "मेरा बाकी है."

न्हाव्याला काही उमगेना. त्याने पुजाऱ्याकडे बघितलं. पुजारी दोन पावलं आला, बाबूजींना त्याने पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. मग खांदे उडवले आणि मानेनेच करू दे म्हणाला. हसलं कुणी नाही, हे त्या लोकांचं मोठेपण.

"मेधा," बाबूजी म्हणाले, "धरतेस का?"

मी ओढणी धरली. पंचाहत्तरीच्या घरातलं डोकं, मागे आणि कानांवर तेवढे पांढरे केस. ते ओढणीत पडले तेव्हा कळलेही नाहीत, इतके हलके. बाबूजींनी डोळे मिटले होते. वस्तरा कानामागे आला की त्यांचा खांदा बाळासारखा वर जायचा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. सुरतवाली बाई उगीचच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मूठभरही केस झाले नाहीत. पुजाऱ्याने ते देवीपुढे ठेवले, घंटा वाजवली, बाबूजींच्या ताज्या डोक्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि चेन्नईवाल्यांना हाक मारली.

तिथून पणजोबांचं गाव पायी जाण्याइतकं जवळ होतं. गाडीतून त्याची पाण्याची टाकी दिसत होती. गिरीश म्हणाला, "चला, घर बघून येऊ. काही उरलं असेल तर."

"नको," बाबूजी म्हणाले. "दमलो मी."

जन्मभर ज्या गावाच्या गोष्टी सांगितल्या ते हाकेवर असताना ते गाडीत बसले आणि जोधपूर येईपर्यंत झोपले. ईशान त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, वेणीसकट. मी जागी होते, कुणीतरी जागं राहायला हवं म्हणून.

ऑकलंडला परत आलो आणि त्या डोक्याने घोळ घातला. आपल्या माणसांना मुंडण केलेला म्हातारा दिसला की ती काही विचारत नाहीत, समजून घेतात. कोपऱ्यावरच्या डेअरीचा गुजराती मालक बाबूजींना बघून काउंटरमागून बाहेर आला आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन उभा राहिला. बाबूजी त्याला समजावत होते, तरी तो "बस, बस, काका," म्हणत दुधाची बाटली पिशवीत घालत होता. इथल्या मराठी मंडळातून फोन यायला लागले. मी एकेकाला सांगत बसले की कुणी गेलेलं नाही. माझ्या आवाजात इतका शीण होता की कुणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही.

रविवारी मंडळातले साठे नवरा-बायको आले. हातात पिठलं-भाताचा डबा, चूल पेटली नसेल या हिशेबाने. मी दुकानात गेले होते. घरी आले तर हॉलमध्ये तिघं गप्प बसलेली. साठेकाकू मधूनच सुस्कारा सोडत होत्या. बाबूजी मान खाली घालून होते. अर्धा-पाऊण तास बसून, "काळजी घ्या" म्हणून ते दोघे गेले. बाबूजींनी डबा उघडला आणि तिथेच बसून पिठलं-भात खायला लागले.

"बाबूजी! सांगितलं नाहीत त्यांना?"

"एवढं करून आणलं होतं त्यांनी."

"म्हणून काय झालं? काय वाटेल त्यांना नंतर कळल्यावर?"

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "बरं वाटलं बसले तर. कुणीतरी गेल्यासारखं वाटतच होतं मला. म्हटलं, बसू दे."

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून 'आपल्याकडे' ऐकलं नाही. नळ मात्र तसाच करंगळीएवढा उघडायचे. ईशान पाच वर्षांचा झाला, वेणी घालून शाळेत गेला. तिथे कुणालाही काही वाटलं नाही, त्याच्या वर्गात आणखी दोघांच्या वेण्या होत्या. बाबूजी त्याला शाळेत सोडायला जायचे, आणायला जायचे. थंडी सुरू झाली तशी त्यांची छाती धरायला लागली, आणि त्यांनी संगमनेरला परत जायचं ठरवलं. तिथे पुतण्या आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत, असं म्हणाले. मी फार अडवलं नाही. पुढच्याच वर्षी तिथे ते झोपेतच वारले. इथून निघाले त्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडायला गिरीश गेला, माझी ड्युटी होती. त्यामुळे त्यांना शेवटचं नीट असं पाहिलेलं मला आठवतं ते त्याच्या आदल्या शनिवारचं.

त्या सकाळी ईशान रग्बीच्या सरावाहून आला तो वैतागून. कुणीतरी पळताना त्याची वेणी ओढली होती. दारातच बूट काढत म्हणाला, "ममा, आय वॉन्ट इट शॉर्ट. रिअली शॉर्ट. टुडे." मी बाबूजींकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "चला. मीपण येतो."

माउंट रॉस्किलला एका इराकी माणसाचं केशकर्तनाचं दुकान होतं. त्याने ईशानला खुर्चीवर फळी टाकून उंच बसवलं आणि मोठ्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "हाऊ शॉर्ट, बॉस?" ईशानने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. कात्री चालली. तो आरशात टक लावून स्वतःकडे बघत होता, रडला नाही, हललाही नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबूजी खुर्चीमागच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर, मागे आणि कानांवर पांढरे केस पुन्हा आलेले.

ईशान फळीवरून उतरला, मान हलवून हलकं वाटतंय का ते बघितलं आणि "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मस्त, म्हणत काउंटरवरच्या लॉलीपॉपकडे गेला. त्या माणसाने कोपऱ्यातला झाडू घेतला. काळे लांब केस फरशीभर पसरले होते. ते गोळा करत करत तो बाकापर्यंत आला. बाबूजींच्या चपलांभोवती बरेच पडले होते. मला वाटलं, आता ते वाकतील. निदान एक बट उचलतील, रुमालात बांधतील.

"सॉरी, सर," तो माणूस म्हणाला.

"नो, नो," म्हणून बाबूजींनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली, आणि गुडघे दुखत असताना दोन्ही पाय वर उचलून तसेच अधांतरी धरून ठेवले, खालचं सगळं झाडून होईपर्यंत.